घरचा मेल सर्व्हर: आधी वाट तपासा, मग सॉफ्टवेअर बसवा

घरी मेल सर्व्हर उभा करणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. सुटीच्या दिवशी पोस्टफिक्स (पत्रं घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (पेटीतली पत्रं वाचायला देणारं) बसवतात, स्वतःच स्वतःला पाठवलेलं पत्र इनबॉक्समध्ये दिसतं आणि काम झालं असं वाटतं. दोन दिवसांनी कळतं, की बाहेर पाठवलेल्यांपैकी काही पत्रं परत आली आहेत आणि उरलेली स्पॅममध्ये पडून आहेत. मग पुढचे कित्येक आठवडे कॉन्फिगरेशनच्या फायली खालीवर करण्यात जातात. दोष त्या फायलींत नसतोच. ज्या आयपी पत्त्यावरून पत्र निघतं, त्याची पत काय आहे हे आधी पाहिलेलं नसतं.

मेल येणं सोपं, जाणं कठीण. म्हणून या लेखातल्या पहिल्या दोन टप्प्यांत सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. तुम्हाला लिनक्सची कमांड-लाइन वापरता येते आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये नोंद करता येते, इतकं मी गृहीत धरतो. सर्व्हर एका माणसासाठी किंवा एका कुटुंबासाठी आहे, आणि मांडणी डेबियन या लिनक्सवर पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर) अशी आहे. सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये त्यांच्या शब्दांमध्ये अंडरस्कोअर येतो; फक्त ‘माय डेस्टिनेशन’, ‘माय नेटवर्क्स’ आणि ‘रिले होस्ट’ ही तीन नावं सलग लिहितात.

## तयारी

स्वतःचं डोमेन लागेल, आणि त्याच्या डीएनएसमध्ये एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा), टीएक्सटी (मोकळा मजकूर) आणि ए (नावाचा आयपी पत्ता) या नोंदी तुम्हाला स्वतः करता आल्या पाहिजेत. एपीआय (प्रोग्रामने नोंदी बदलण्याची सोय) असलेली डीएनएस सेवा निवडा, पुढे प्रमाणपत्राच्या वेळी ती उपयोगी पडेल.

सावधान: डोमेन ज्या खात्यात नोंदवलं आहे, त्या खात्याचा संपर्क-ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. नूतनीकरणाची सूचना त्या पत्त्यावर जाते. सर्व्हर बंद असेल तर ती पोचत नाही, मुदत उलटते, आणि मग पासवर्ड बदलण्याची लिंकसुद्धा तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे हे. या एका खात्यासाठी दुसऱ्या कुठल्या तरी सेवेवरचा पत्ता वापरा.

यंत्र साधं चालेल. २ जीबी मेमरी आणि एक चांगली एसएसडी कुटुंबापुरती पुरते. क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणारा प्रोग्राम बसवायचा विचार असेल तर मात्र थांबा. व्हायरसच्या खुणा मेमरीत ठेवायलाच त्याला एक जीबीहून जास्त जागा लागते, आणि घरगुती सर्व्हरवर त्याचा फायदा त्या मानाने कमी. यंत्र आणि राउटर, दोन्ही यूपीएसवर ठेवा. घड्याळ एनटीपीने जुळलेलं असू द्या, नाहीतर प्रमाणपत्रं आणि लॉग दोन्ही तुम्हाला गोंधळात पाडतील.

चाचणीसाठी दोन वेगवेगळ्या मोठ्या मेलसेवांवर एकेक खातं हाताशी असू द्या.

वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडलं तर पत्रं हरवतील, ही भीती अनेकांना दुसरा एमएक्स उभा करायला लावते. ती भीती अनाठायी आहे. पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या मानकात निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं म्हटलं आहे, आणि पोस्टफिक्सची मूळ मुदत ५ दिवसांची आहे. तुमचा सर्व्हर दिवसभर बंद राहिला तरी पत्रं उशिरा येतात, हरवत नाहीत. उलट, गाळणी नीट न लावलेला दुसरा एमएक्स स्पॅमवाल्यांना मागचं दार मिळवून देतो. तो नकोच.

## टप्पा १: आपल्या जोडणीची परीक्षा

पुढच्या पाच गोष्टी याच क्रमाने तपासा. पहिलीतच नकार आला तर पुढच्या बऱ्याच आपोआप निकालात निघतात.

१. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि बाहेरची एखादी वेबसाइट दाखवते तो पत्ता, हे दोन्ही एकच आहेत का? वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे पोर्ट फॉरवर्ड करून काहीही होणार नाही.

२. पत्ता स्थिर आहे का? राउटर बंद-चालू केल्यावर पत्ता बदलत नाही, एवढ्यावरून तो स्थिर ठरत नाही. सेवादात्याने तसं लेखी द्यायला हवं.

३. बाहेर जाणारा पोर्ट २५ (ज्या दारातून सर्व्हर एकमेकांना मेल देतात) उघडा आहे का? कुठल्याही मोठ्या मेलसेवेचा एमएक्स शोधा आणि घरच्या यंत्रावरून त्याच्या पोर्ट २५ शी जोडणी करून पाहा. २२० ने सुरू होणारी ओळ आली तर वाट मोकळी आहे. नुसतंच ताटकळत राहिलं तर सेवादात्याने पोर्ट बंद केला आहे.

४. आत येणारा पोर्ट २५ उघडा आहे का? ही चाचणी घराबाहेरच्या जोडणीवरूनच करा. घरातल्या वायफायवरून आपल्याच सार्वजनिक पत्त्याला हाक मारून मिळालेलं उत्तर खरं धरता येत नाही.

५. उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, तुम्हाला हवी तशी करून मिळेल का? इथे फार जण चुकतात. आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये पीटीआर लिहून ते थांबतात, आणि तिचा परिणाम शून्य असतो. पीटीआर ज्याच्या मालकीचा आयपी पत्ता आहे त्यालाच लावता येते, म्हणजे तुमच्या सेवादात्याला.

याशिवाय स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत तुमचा पत्ता आहे का, ते पाहा. घरगुती जोडण्यांचे बरेच पत्ते तिथे असतात. ती यादी कोणावर आरोप करत नाही. ‘या पत्त्यांवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही’ एवढंच ती सांगते. पण समोरचा सर्व्हर ती पाहून तुमचं पत्र दारातूनच परत पाठवतो.

## टप्पा २: वाट ठरवणं

परीक्षेच्या निकालावरून तीनपैकी एक वाट निवडायची.

थेट वाट. पाचही उत्तरं होकारार्थी असतील आणि पत्ता पीबीएलमध्ये नसेल तरच. घरगुती जोडणीवर असं क्वचित जमतं.

येणं थेट, जाणं रिलेमार्फत. आत येणारा पोर्ट २५ उघडा आहे, पण बाहेर जाणारा बंद आहे किंवा पीटीआर मिळत नाही, अशांसाठी. येणारी पत्रं थेट घरी उतरतात, जाणारी एखाद्या मेल-रिले सेवेच्या पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर सोपवली जातात. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हीच वाट सुचवेन. मात्र एक गोष्ट डोळे उघडे ठेवून स्वीकारा: जाणाऱ्या पत्रांचा मजकूर रिले सेवेला वाचता येतो.

भाड्याचा छोटा सर्व्हर आणि बोगदा. सीजीनॅट असेल तर हीच वाट उरते. बाहेर एक लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्याला स्थिर पत्ता आणि पीटीआर, आणि तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा बोगदा. पत्रं आणि टीएलएसच्या (जोडणी एन्क्रिप्ट करण्याच्या) किल्ल्या घरीच राहतात. व्हीपीएस फक्त पाकिटं पुढे सरकवतो. व्हीपीएस घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: बाहेर जाणारा पोर्ट २५ नव्या ग्राहकाला उघडून मिळतो का, आणि मिळणारा पत्ता कुठल्या काळ्या यादीत आहे का. दुसऱ्याची वाईट कीर्ती भाड्याने घेऊ नका.

सावधान, बोगदा वापरणाऱ्यांसाठी: व्हीपीएसवर पोर्ट पुढे पाठवताना ‘मास्करेड’ लावलं, तर जगातून येणारी प्रत्येक जोडणी घरच्या पोस्टफिक्सला बोगद्याच्या आतल्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. तो पत्ता तुम्ही विश्वासातल्या जाळ्यात, म्हणजे पासवर्डशिवाय मेल पाठवू देण्याच्या यादीत, घातलेला असेल, तर तुमचा सर्व्हर सगळ्या जगासाठी उघडा रिले (कोणाचंही पत्र पुढे पाठवणारा) झाला. माझ्या सर्व्हरचं असंच झालं होतं. एका रात्रीत रांगेत हजारो परकी पत्रं जमली आणि माझा पत्ता काळ्या याद्यांत गेला. तिथून निघायला दोन आठवडे लागले. मास्करेड न लावता फक्त गंतव्य पत्ता बदला आणि घरच्या यंत्राची उत्तरं बोगद्यातूनच परत जातील अशी राउटिंगची सोय करा. किंवा प्रॉक्सी प्रोटोकॉल (जोडणीचा मूळ पत्ता सोबत कळवणारी पद्धत) वापरा, तो पोस्टफिक्सला समजतो. डॉकरमध्ये सर्व्हर चालवणाऱ्यांनाही हाच धोका आहे, विशेषतः आयपीव्ही ६ वरून येणाऱ्या जोडण्यांच्या बाबतीत.

## टप्पा ३: डीएनएस आणि प्रमाणपत्र

डोमेनवर आधीपासून मेल चालू असेल तर त्याच्या एमएक्सला आत्ता हात लावू नका. चाचणीसाठी एक उपडोमेन घ्या, समजा चाचणी.उदाहरण.ऑर्ग, आणि सगळं तिथे जमवा. खरं स्थलांतर शेवटी.

१. नोंदींचा टीटीएल (इतरांनी नोंदीची प्रत किती वेळ वापरायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. चुका दुरुस्त व्हायला दिवसभर थांबावं लागत नाही.

२. मेल.उदाहरण.ऑर्ग या नावाची ए नोंद करा.

३. त्याच नावाची पीटीआर सेवादात्याकडून किंवा व्हीपीएसच्या पॅनेलमधून लावून घ्या. रिलेमार्फत पाठवणाऱ्यांना हिची गरज नाही.

४. चाचणीच्या उपडोमेनची एमएक्स नोंद त्या नावाकडे वळवा.

एमएक्स नेहमी नावाकडे जाते, आयपी पत्त्याकडे नाही, आणि ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) असता कामा नये. काही सर्व्हर तेही चालवून घेतात, त्यामुळे चूक महिनोन् महिने दिसत नाही आणि मग एकाच कुणाची तरी पत्रं येईनाशी होतात.

आयपीव्ही ६ ला पीटीआर नसेल तर मेलच्या नावाची क्वाड-ए (आयपीव्ही ६ पत्त्याची) नोंद करू नका आणि पोस्टफिक्समध्ये ‘आयनेट प्रोटोकॉल्स’ फक्त आयपीव्ही ४ वर ठेवा. नाहीतर यंत्र आपणहून आयपीव्ही ६ ने पाठवू लागतं आणि पत्रं कधी जातात, कधी परत येतात. असा अधूनमधून येणारा दोष शोधणं सर्वांत त्रासाचं.

तपासणी: नावावरून पत्ता काढा, पत्त्यावरून उलट नाव काढा. सुरुवातीचं नाव परत मिळालं पाहिजे. जोडणीच्या सुरुवातीला पोस्टफिक्स हेलो म्हणताना जे नाव सांगतो तेही हेच हवं.

आता टीएलएसचं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. डीएनएसमार्फत पडताळणी करणारी पद्धत वापरा, म्हणजे पोर्ट ८० उघडावा लागत नाही. नूतनीकरण झाल्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघांना रीलोड करणारा हुक (आपोआप चालणारी कमांड) त्याच वेळी लावा. हा हुक विसरला जातो. डिस्कवर नवं प्रमाणपत्र येतं, पण चालू असलेला डव्हकॉट मेमरीतलं जुनंच देत राहतो, आणि मुदत संपते त्या दिवशी घरातले सगळे फोन एकदम रुसतात.

## टप्पा ४: पत्र आत घेणं

आता पोस्टफिक्स बसवा. पाच गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली, डोमेन एकाच यादीत लिहायचं. ‘माय डेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’ या दोन्हींत तेच नाव असेल तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि पत्रं भलत्याच ठिकाणी जातात. यंत्रावरच्या वापरकर्त्यांनाच मेल हवा असेल तर पहिली यादी, वेगळी खाती ठेवायची असतील तर दुसरी.

दुसरी, ‘एसएमटीपीडी रिले रिस्ट्रिक्शन्स’ मधला क्रम: आधी विश्वासातलं जाळं, मग पासवर्डने ओळख पटवलेले, आणि शेवटी परक्या गंतव्याला नकार. ‘माय नेटवर्क्स’ मध्ये फक्त यंत्राचा स्वतःचा लूपबॅक पत्ता ठेवा. घरातलं अख्खं जाळं तिथे घातलं, तर तुमच्या वायफायवर आलेल्या कोणाचाही संसर्ग झालेला लॅपटॉप तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो.

तिसरी, पोर्ट २५ वर टीएलएस ‘मे’ या पातळीवर ठेवा, सक्ती करू नका, आणि तिथे पासवर्डही मागू नका. त्या दारातून दुसरे सर्व्हर येतात. त्यांच्याकडे तुमचा पासवर्ड नसतो. तुमचे स्वतःचे फोन आणि लॅपटॉप पोर्ट ४६५ वरून पाठवतील, आणि तिथे टीएलएस व पासवर्ड दोन्ही सक्तीचे.

चौथी, अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला जोडणी चालू असतानाच नकार द्या. आधी पत्र स्वीकारून नंतर परतीचं पत्र पाठवलं, तर ज्याच्या नावाने खोटा मेल आला होता त्या निरपराध माणसाच्या पेटीत ते जाऊन पडतं. अशी काही परतपत्रं गेली, की तुमची पत जाते.

पाचवी, आकाराची मर्यादा. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे जवळपास १० एमबी आहे. जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे ८ एमबीचा फोटोसंच अडकतो आणि पाठवणारा तुम्हाला फोन करतो. मर्यादा ३० एमबीपर्यंत वाढवा.

पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्ते चालू ठेवा. पोस्टमास्टर तर मानकानेच बंधनकारक केला आहे.

तपासणी: मोबाइल डेटावरून पोर्ट २५ शी जोडा. तुमच्या डोमेनवरच्या खऱ्या पत्त्याला २५०, खोट्या पत्त्याला ५५० आणि परक्या डोमेनवरच्या पत्त्याला ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ असं उत्तर यायला हवं. तिसरं उत्तर मिळेपर्यंत सर्व्हर जगासमोर उघडा ठेवू नका.

## टप्पा ५: पत्र वाचणं

डव्हकॉटच्या बाबतीत एक मोठी ठेच लागते. २.४ या आवृत्तीत त्याच्या कॉन्फिगरेशनची मांडणी बदलली. फाइलच्या सुरुवातीला आता आवृत्तीची ओळ लागते आणि जुन्या २.३ च्या फायली जशाच्या तशा चालत नाहीत. डेबियन १३ मध्ये २.४ आहे. इंटरनेटवर मिळणारे बरेचसे नमुने २.३ चे आहेत. ते तुकडे चिकटवण्याआधी आपली आवृत्ती पाहा आणि सोबत आलेल्या मूळ फायलींपासूनच सुरुवात करा.

पत्रं मेलडिर पद्धतीने साठवा. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल होते, त्यामुळे बॅकअप हलका होतो आणि एक फाइल बिघडली तरी पेटी शाबूत राहते. पोस्टफिक्सकडून डव्हकॉटकडे पत्र एलएमटीपीने (पत्र पेटीपर्यंत सोपवण्याची पद्धत) द्या. पासवर्ड आर्गॉन २ किंवा बीक्रिप्ट या हॅश पद्धतीने साठवा, साध्या मजकुरात कधीही नाही.

आता एक निर्णय असा, जो फार थोडे लोक घेतात आणि घेतलेला बरा. पत्रं वाचण्याचा पोर्ट ९९३ आणि पाठवण्याचा ४६५ जगासाठी उघडण्याची गरज नाही. कुटुंबातल्या प्रत्येक फोनवर वायरगार्ड लावा आणि हे दोन पोर्ट फक्त त्या खासगी जाळ्यातच ठेवा. बाहेर उघडा राहतो एकटा पोर्ट २५, जिथे पासवर्ड विचारलाच जात नाही, म्हणून तो फोडण्याचाही प्रश्न येत नाही. हे जमणार नसेल तर फेल२बॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम) लावा आणि प्रत्येकाला लांब, वेगळा पासवर्ड द्या.

फोन घरात आल्यावर मेल चालत नाही आणि बाहेर गेल्यावर चालतो, असं झालं तर दोष राउटरचा असतो. आतून आपल्याच सार्वजनिक पत्त्याकडे जाणं त्याला जमत नाही. घरच्या डीएनएसमध्ये मेल.उदाहरण.ऑर्ग या नावाला सर्व्हरचा आतला पत्ता द्या.

## टप्पा ६: पत्र बाहेर पाठवणं

रिले वापरत असाल तर ‘रिले होस्ट’ मध्ये त्या सेवेचं नाव चौकोनी कंसात लिहा. कंस नसतील तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातो आणि भलत्याच दारावर धडकतो. पासवर्डची फाइल फक्त रूटला वाचता यावी अशी ठेवा आणि बदल केल्यावर पोस्टमॅप (त्या फाइलचं पोस्टफिक्सला वाचता येणारं रूप बनवणारी कमांड) चालवायला विसरू नका. रिलेशी बोलताना टीएलएस सक्तीचं करा.

मग तीन नोंदी, याच क्रमाने.

एसपीएफ. कोणत्या सर्व्हरवरून या डोमेनचा मेल येऊ शकतो, त्याची यादी. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद असते. दुसरी सेवा जोडताना लोक दुसरी नोंद करतात आणि दोन्ही निकामी होतात. आहे त्याच नोंदीत भर घाला. तपासताना लागणाऱ्या डीएनएस चौकशा १० पेक्षा जास्त झाल्या तरीही नोंद बाद होते, आणि प्रत्येक ‘इन्क्लूड’ आपल्या पोटात आणखी चौकशा घेऊन येतो. शेवट मी टिल्डवाल्या ‘ऑल’ ने (यादीबाहेरचा मेल संशयास्पद) करतो. उणे चिन्हाचा ‘ऑल’ (यादीबाहेरचा मेल नाकारा) लावला तर काही सर्व्हर डीकिमची सही न पाहताच पत्र परत पाठवतात, आणि मधे कोणी पत्र पुढे पाठवलं असेल तर तुमचं खरं पत्रही बळी जातं.

डीकिम. प्रत्येक पत्रावर सर्व्हरची सही. हे काम आरस्पॅमडी करू शकतो. २०४८ बिटांची किल्ली करा. सार्वजनिक किल्ली टीएक्सटी नोंदीत जाते, पण अशा नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांहून मोठा असू शकत नाही, म्हणून ती दोन अवतरणांत तोडावी लागते. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही मागचा भाग गुपचूप कापून टाकतात. नोंद केल्यावर ती परत वाचून मूळ किल्लीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सेलेक्टरच्या (डीएनएसमध्ये ही किल्ली ज्याने ओळखली जाते त्या) नावात साल घाला, पुढे किल्ली बदलताना गोंधळ होत नाही.

डीमार्क. वरची दोन्ही पटली नाहीत तर काय करायचं, याची सूचना. सुरुवात ‘नन’ ने करा आणि अहवाल येण्यासाठी पत्ता द्या. काही आठवडे अहवाल वाचा. तुमच्या नावाने जाणारं प्रत्येक खरं पत्र उत्तीर्ण होतंय याची खात्री पटली की ‘क्वारंटाइन’, आणि नंतर ‘रिजेक्ट’.

रिले वापरणाऱ्यांचा घात इथे होतो. एसपीएफ उत्तीर्ण दिसतं, पण ते बहुधा रिले सेवेच्या स्वतःच्या डोमेनसाठी असतं. डीमार्क विचारतो, की ‘फ्रॉम’ मध्ये दिसणारं डोमेन आणि उत्तीर्ण झालेलं डोमेन जुळतंय का. ते जुळत नसेल तर सगळा भार डीकिमवर येतो. म्हणून सही तुमच्याच डोमेनची हवी, रिलेची पुरत नाही.

हे ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी सगळ्या पाठवणाऱ्यांना निदान एसपीएफ किंवा डीकिम सक्तीचं केलं. दिवसाला ५,००० च्या आसपास पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. घरचा सर्व्हर त्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. तरी तिन्ही लावा, कारण अनोळखी पत्त्यावरून आलेल्या पत्राला जितके पुरावे जोडाल तितके थोडे.

तपासणी: दोन्ही चाचणी खात्यांवर पत्र पाठवा, तिथे ‘मूळ संदेश’ उघडा आणि तिन्हींपुढे ‘पास’ लिहिलेलं आहे का पाहा. पत्रात नुसतं ‘टेस्ट’ लिहू नका, चार वाक्यांचं खरं पत्र लिहा. स्पॅममध्ये पडलं तर समोरच्याला ते ‘स्पॅम नाही’ म्हणायला आणि उत्तर द्यायला सांगा. थेट पाठवत असाल तर पहिले काही आठवडे रोज मोजकीच पत्रं, तीही ओळखीच्या माणसांना.

लॉगमध्ये ‘स्टेटस सेंट’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. समोरच्या सर्व्हरने पत्र घेतलं, एवढंच त्याने कळतं. ते इनबॉक्समध्ये ठेवलं की स्पॅममध्ये, हे त्यात नसतं. उत्तराचा आकडा ४ ने सुरू होत असेल तर नकार तात्पुरता आहे, पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करेल, तुम्ही काही करू नका. ५ ने सुरू होत असेल तर तो कायमचा आहे, आणि आकड्यापुढच्या वाक्यात कारण लिहिलेलं असतं. ते वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कुठलीही सेटिंग बदलू नका.

## टप्पा ७: स्पॅमची गाळणी

आरस्पॅमडीची गाळणी चालू करण्याआधी यंत्रावर स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा प्रोग्राम) चालवा, अनबाउंड उत्तम. कारण महत्त्वाचं आहे. स्पॅमहाउससारख्या याद्या मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या चौकशीला खरं उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा चुकीची खूण सांगणारा पत्ता परत करतात. पोस्टफिक्सला नुसतं ‘यादीतून काही उत्तर आलं तर नकार दे’ असं सांगितलेलं असेल, तर तो या उत्तरालाही ‘यादीत आहे’ समजतो आणि येणारं प्रत्येक पत्र नाकारतो. तुमच्याकडे शांतता असते आणि तुम्हाला वाटतं आज कोणी लिहिलं नाही.

ग्रेलिस्टिंगने (अनोळखी सर्व्हरला आधी ‘थोड्या वेळाने या’ सांगणं) स्पॅम कमी होतो, पण अनोळखी सर्व्हरचं पहिलं पत्र उशिरा येतं. दहा मिनिटांत संपणारा ओटीपी पंधरा मिनिटांनी मिळाला तर घरातले तुमच्यावर वैतागतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. मी ते बंद ठेवतो.

डोमेनवरचा कुठलाही पत्ता चालेल अशी कॅच-ऑल सोय करू नका. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा पत्ता द्यायचा असेल तर ‘रेसिपियंट डिलिमिटर’ अधिक चिन्हावर ठेवा; मूळ नावापुढे अधिक आणि हवा तो शब्द लावला की पत्र तुमच्याच पेटीत येतं.

## टप्पा ८: बॅकअप आणि पहारा

पेट्या, पोस्टफिक्स-डव्हकॉट-आरस्पॅमडीच्या फायली, डीकिमची खासगी किल्ली, वापरकर्त्यांची यादी आणि डीएनएस नोंदींची प्रत, हे सगळं रोज, एन्क्रिप्ट करून, घराबाहेर. डीएनएसची प्रत कोणी घेत नाही आणि गरज पडते तेव्हा सेलेक्टरचं नाव आठवत नाही.

बॅकअप घेतला की एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून बघा. जुनं पत्र उघडलं, शोध लागला, तरच तो बॅकअप. मेल म्हणजे माणसांची वर्षानुवर्षांची बोलणी असतात, आणि कुटुंबाने ती तुमच्या भरवशावर तिथे ठेवलेली असतात.

पहारा चार गोष्टींवर ठेवा: डिस्कची उरलेली जागा, प्रमाणपत्राचे उरलेले दिवस (चालू पोर्टवरून मोजलेले, डिस्कवरच्या फाइलवरून नव्हे), रांगेतल्या पत्रांची संख्या आणि बॅकअपची शेवटची वेळ. रांग अचानक फुगली तर कोणाचा तरी पासवर्ड फुटलाय असं आधी समजा.

सावधान: या पहाऱ्याच्या सूचना याच सर्व्हरवरच्या पत्त्यावर पाठवू नका.

## टप्पा ९: खरा पत्ता हलवणं

चाचणीच्या उपडोमेनवर निदान महिनाभर सुरळीत चालल्यावरच हे करा.

आदल्या दिवशी खऱ्या डोमेनच्या एमएक्सचा टीटीएल ३०० वर आणा. आयमॅपसिंक या पेट्यांची नक्कल करणाऱ्या साधनाने जुन्या सेवेवरची सगळी पत्रं घरी उतरवा. खऱ्या डोमेनची एसपीएफ आणि डीकिम नोंद आधी करा, डीमार्क ‘नन’ वर ठेवा, आणि मग एमएक्स वळवा. पहिले एक-दोन दिवस काही पत्रं जुन्या पेटीत येत राहतील, म्हणून आयमॅपसिंक पुन्हा एकदा चालवा. आधी आलेली पत्रं ते दुप्पट करत नाही. सगळं स्थिरावलं की टीटीएल एक दिवसावर न्या.

पत्ताच नवा असेल तर खाती बदलण्याचा क्रम जपा. आधी वर्तमानपत्रं आणि खरेदीची संकेतस्थळं, ज्यांचं एखादं पत्र चुकलं तरी बिघडत नाही. मग मित्र आणि नातेवाईक. बँक, कर आणि विम्याची खाती सर्वांत शेवटी, आणि एका दिवशी एकच. बदल केल्यावर त्या खात्यातून स्वतःला एखादी सूचना मागवा आणि ती नव्या पेटीत आलेली डोळ्यांनी पाहा, मगच पुढच्या खात्याकडे वळा. जुनी पेटी निदान वर्षभर चालू ठेवा: वर्षातून एकदाच येणारी पत्रं असतात, आणि ती कोणती हे ती येईपर्यंत आठवत नाही.